कांडीचा कान

त्या दिवशी अप्पांनी तिसऱ्या प्रहरी चहा मागितला आणि साखर कमी पडली म्हणून कुरकुर केली. मग ओसरीवर बसून मला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. मी त्यांची विधवा लेक. मला वाचायला त्यांनीच शिकवलं होतं, पण मोठ्याने वाचायची त्यांची हौस काही जात नव्हती. मधूनमधून उजव्या हाताची बोटं चोळत होते.

"काय होतंय?"

"मुंग्या आल्यासारखं. लेखणी धरून धरून झालं असेल. देवास संस्थानाच्या थोरल्या-धाकट्या दोन्ही पात्यांमधली ढ पोरं माझ्याच नशिबी आली ना!"

रात्री पिठलं-भात जेवले, तांब्याभर पाणी प्यायले आणि झोपले. त्यानंतर त्यांना पाणी पिता आलं नाही.

पुढच्या दिवसांबद्दल मी बरेच महिने कुणाशी बोलले नाही. डॉक्टर खोलीतून बाहेर आले आणि विचारलं, "कुत्रं चावलं होतं?" मी नाही म्हणाले. मग त्यांनी विचारलं, घरात कुत्रं होतं का, आणि ते कशाने मेलं. मी सांगितलं तसे ते पायरीवर बसले.

कुत्रं म्हणजे कांडी. धारचे सरदार मानाजीराव यांच्या पुतण्याला अप्पांनी इंग्रजी शिकवलं, तेव्हा खूश होऊन त्यांनी आपल्याकडचं लांब अंगाचं, आखूड पायांचं डाक्सहुंड जातीचं पिल्लू अप्पांना दिलं. असली कुत्री तेव्हा छावणीतल्या साहेबांकडे नाहीतर एखाद्या सरदाराकडेच असत. दूधवाली पहिल्या दिवशी पदर तोंडाला लावून म्हणाली, "अई रे, यो कुत्तो है के नेवलो?" तिला ते मुंगूसच वाटलं.

कांडीच्या डाव्या कानावर खपली होती. मी अप्पांना विचारलं, कशाची.

"असेल कशाची तरी."

"विचारलं नाहीत?"

"मालू, सरदाराने हातात दिलेल्या वस्तूची खोड विचारतात का? धर्माची गाय आणि दात का गं नाय, तसली गत व्हायची."

अप्पांचा जन्म दरबारी माणसांत गेला होता. तिथे मिळालेलं मस्तकी लावतात, उलटून पाहत नाहीत. मीही पुन्हा विषय काढला नाही.

काही आठवड्यांनी कांडीने खाणं सोडलं. खाटेखाली शिरून बसली. खालचा जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली. अप्पांना वाटलं, घशात हाड अडकलं. मांडीवर घेऊन त्यांनी तिच्या तोंडात बोटं घातली आणि बराच वेळ चाचपलं. हाड नव्हतं. दातांनी बोट थोडं खरचटलं, ते त्यांनी धोतराला पुसलं. कांडी मेली तेव्हा मुलासारखे रडले.

अप्पांच्या तेराव्याला मानाजीराव आले नाहीत. त्यांचा जुना नोकर खंडोजी दुखवट्याची वस्त्रं घेऊन आला.

"सरकार येणार व्हते, बाईसाहेब. पन त्यांचीच तब्येत नरम. कसौलीहून आल्यापासून तशीच हाय."

"कसौलीला कशाला?"

"लोकांना सांगितलंय, हवा बदलायला. पन तिथं पोटात सुया टोचतात ना, पागल जनावर चावल्यावर. कोल्हं शिरलं व्हतं कुत्र्यांच्या घरात. कांडीच्या आईला फाडलं, सरकार सोडवायला गेले तर त्यांचा हात धरला. त्या पिल्लाचा कानपन..." त्याने माझ्याकडे बघितलं. "सरकार बोलले नाहीत तुम्हांला?"

"बोलले ना," मी म्हणाले. "चहा घेतोस?"

तो सुटल्यासारखा चहा प्यायला. निघताना मी त्याच्याजवळ निरोप दिला: अप्पांची आठवण म्हणून मला पुन्हा एक पिल्लू हवंय. नव्या वेताची पिल्लं वाटाल तेव्हा मला बोलवा.

मानाजीरावांना बरं वाटलं असणार. पिल्लू मागणारीच्या मनात राग कसा असेल? हिवाळा सरता सरता बोलावणं आलं. मी नीलकंठमामांना सोबत घेतलं, इंदुरास मुक्काम केला आणि टांग्याने धार गाठली. मधल्या काळात मी एकही वाक्य मनात जुळवलं नव्हतं. फक्त ऐकणारी माणसं असावीत, एवढंच हवं होतं.

माणसं होती. दिवाणखान्यात बैठक भरली होती. मानाजीरावांना ज्यांची मर्जी हवी होती ते मोरोपंत, दरबारातले बडे अधिकारी, मधोमध लोडाला टेकले होते. मी विधवा, म्हणून मला दाराजवळची जागा मिळाली. तिथून सगळे दिसत होते.

मानाजीरावांनी एक पिल्लू उचललं. "हे असं, दोन्ही हातांनी. एक छातीखाली, एक पुठ्ठ्याखाली. पाठ लांब, मणका नाजूक. जिना चढू द्यायचा नाही, पलंगावरून उडी मारू द्यायची नाही. लाडाने तूप-पोळी चाराल तर अंगाने सुटेल आणि मागचे पाय जातील. शिवाय जात हट्टी. दहा हाका माराल, तेव्हा एकदा वळून बघेल. बाग उकरेल, रागावू नका. तिकडे जर्मनीत बिळात शिरायलाच पाळतात."

"म्हणजे आमच्या कारकुनांचीच जात," मोरोपंत म्हणाले. "पाय आखूड, पण शिरकाव कुठेही!"

बैठक हसली. पिल्लू मोरोपंतांच्या मांडीवर गेलं आणि त्यांचं बोट चोखू लागलं.

"सरकार," मी म्हणाले, "घरी नेण्याआधी आणखी काही माहीत असायला हवं?"

"छे. एवढं सांभाळलं की झालं."

"नीट आठवून पाहा."

"मालनबाई, सगळं सांगितलं की."

"तुमच्या हातावरचा व्रण कशाचा, ते राहिलं."

त्यांनी बाही खाली ओढली. मोरोपंतांनी बोट पिल्लाच्या तोंडातून काढून घेतलं.

"मालू, ऊठ. चल," मामा कुजबुजले.

मी उठले, पण गेले नाही. "पिसाळलेला कोल्हा चावला यांना. हे कसौलीला सुया टोचून घ्यायला गेले आणि हवापालट म्हणून सांगितलं. जाण्याआधी त्याच कोल्ह्याने कान फाडलेलं पिल्लू माझ्या वडिलांच्या हातात दिलं."

"कान नुसता ओरखडला होता," मानाजीराव म्हणाले. "काही होईल असं वाटलं नव्हतं. आणि छावणीतल्या साहेबांच्या कानावर गेलं असतं, तर माझ्याकडचं पिल्लू पुन्हा कुणी..."

"पाण्याचा आवाज आला तरी अप्पांचं अंग आकसायचं," मी म्हणाले. "जीभ कोरडी पडलेली आणि भांडं समोर धरलं की किंचाळायचे. शेवटी त्यांना खाटेला बांधावं लागलं. गड्यांपैकी कुणी जवळ येईना, म्हणून मी बांधलं. माझ्या लुगड्याने. तेव्हा ते शुद्धीवर होते. मी गाठ मारत असताना म्हणाले, 'मानाजीरावांना बोल लावू नकोस, मालू. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.' तुम्हांला माहीत होतं, मानाजीराव."