वाडग्यावरचा डाग

“म्बाह, थांबा! काय करताय हे?” मी दारातूनच ओरडले.

म्बाह विर्यो चांदीचा वाडगा मांडीत घेऊन पॉलिश पेपरने खसाखसा घासत होते. म्बाह म्हणजे आजोबा, आणि ते आमच्या सगळ्या गल्लीचे. कोटागेडेत त्यांच्याइतका जुना चांदीकाम करणारा आता दुसरा नाही.

“डाग काढतोय पोरी. चार दिवस झाले, हटत नाही मेला.”

शेजारी संस्थेचं पत्र पडलं होतं. जकार्ताच्या प्रदर्शनासाठी आमच्याकडच्या वस्तू हीच संस्था निवडते. ‘पोटावर काळा डाग, काठाजवळ पांढरे ओरखडे. पॉलिश निकृष्ट. नामंजूर.’ सोबत फोटो.

फोटो पाहिला आणि माझं डोकं सणकलं. तो काळा डाग म्हणजे खुद्द फोटो काढणारा सेनो होता! काळा शर्ट, तोंडासमोर कॅमेरा, दोन्ही कोपरं बाहेर, वाडग्याच्या पोटावर फुगून बसलेला. ओरखडे म्हणजे त्याचा फ्लॅश आणि छताची ट्यूबलाइट. सेनो संस्थेच्या प्रमुखसाहेबांचा, पाक द्वियोनोंचा जावई. त्याने एका दुपारी साठ वस्तू उरकल्या होत्या. मी बारा वर्षं दागिन्यांचे फोटो काढतेय, पण मला कोण विचारतो!

“म्बाह, डाग वाडग्यावर नाहीच. हा सेनो दिसतोय, त्याचं प्रतिबिंब.”

म्हाताऱ्याने फोटो मोतीबिंदूच्या डोळ्यांजवळ नेला. मग वाडग्यावरून अंगठा फिरवला. ठोकून उठवलेल्या तीन कमळांच्या पाकळ्या घासून सपाट झाल्या होत्या.

“मग मी चार दिवस काय घासलं गं?”

मी वाडगा त्यांच्या हातातून काढून घेतला.

तिथेच खिडक्या बंद केल्या. रिठ्याच्या पाण्याने वाडगा धुतला, हातमोजे घालून पुसला. वर पांढऱ्या पातळ कापडाचा तंबू उभारला आणि दिवे तंबूच्या बाहेर दोन्ही बाजूंना ठेवले, म्हणजे चांदीला उजेड दिसेल, दिवा दिसणार नाही. कापडाला भिंगापुरती चीर पाडून मी मागे लपले. काचेवरची चमक मारणारा फिल्टर चांदीपुढे हात टेकतो. चांदीला समोर काय दाखवायचं ते आपणच ठरवावं लागतं. नुसतं पांढरं दाखवलं तर ती पिठाच्या गोळ्यासारखी दिसते, म्हणून कडांना काळ्या कागदाच्या पट्ट्या लावल्या. काठ उठून आला. एकही डाग नाही. आणि सपाट झालेल्या पाकळ्याही स्वच्छ दिसल्या.

फोटो घेऊन मी संस्थेत निघाले, तेव्हा म्बाह म्हणाले, “चल, मीही येतो.”

पाक द्वियोनोंनी दोन्ही फोटो पाहिले आणि हसले. “एवढंच ना पालुपी? घेऊ की वाडगा. फक्त ह्या चपट्या पाकळ्या कॉम्प्युटरवर जरा उठवून दे.”

“तुमच्या जावयाने घालवलेल्या?”

“सेनोने हात तरी लावला का? म्बाहनीच घासलं.”

“तुमच्या सहीच्या कागदाने घासलं!” मी टेबलावर हात आपटला. “एकूण किती जणांना असली पत्रं गेली?”

“असतील एकोणीस.”

“ती आज मागे घ्या. त्यांचे फोटो मी काढते. नाहीतर हा फोटो, सेनोच्या नावासकट, तुमच्या दाराला चिकटवते.”

“अगं, आवाज खाली कर.”

“ती का करेल?” म्बाह पहिल्यांदाच बोलले. त्यांचा आवाज चढला होता. “आणि माझ्या पाकळ्यांना कुणी हात लावायचा नाही. कागदावरसुद्धा. आहेत तशा दिसू देत.”

पत्रं मागे घेतली गेली. मी घरोघर तंबू घेऊन फिरले. पण दोघांनी तोवर नामंजूर झालेल्या वस्तू वितळवल्या होत्या. एकीच्या दारात मला नुसती लगड दाखवली गेली. उरलेल्या सतरांपैकी अकरा जकार्ताला गेल्या, त्यात म्बाहचा वाडगाही.

वाडगा परत आल्यावर म्बाहनी ठोकताना आधार म्हणून त्यात राळ भरली आणि छिन्नी हातात घेतली. दोन कमळं पुन्हा उठली. तिसऱ्याखालचा पत्रा इतका झिजला होता की त्यांनी छिन्नी खाली ठेवली.

सेनो परवा बाजारात भेटला. “झालं गेलं विसर ना, ताई,” म्हणाला.

“म्बाहकडे जा, त्या वाडग्यावरून एकदा अंगठा फिरव,” मी म्हटलं, “आणि मग मला विसरायला सांग.”

तो अजून गेलेला नाही.