टिवटिवचे आगाऊ कान

टिवटिव गोलकीपर झकास होती, फक्त तिचे कान आगाऊ होते. दुसऱ्या शाळेच्या पोरी गोलमागे उभ्या राहून "ए चाळणी!" असं ओरडल्या रे ओरडल्या, की हिचे कान तिकडे धावायचे, कानांमागून मान आणि तेवढ्यात चेंडू आरामात आत! दोन सामन्यांत पाच गोल. शेवटी सरांनी निक्षून सांगितलं, "उद्या मान वळली, तर गोलमध्ये दुसरी मुलगी."

टिवटिव फणफणत काकूच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात शिरली.

"काकू, त्या पोरींच्या झिंज्या उपटू?"

"हं."

"आणि शाळा सोडू?"

"हं."

काकू डोळ्याला भिंग लावून तिळाएवढा स्क्रू बसवत होती. काकांचा ड्रमसेट घरात आला, तो अशाच एका 'हं'वर!

स्क्रू बसला, भिंग उतरलं. "अगंबाई, तू कधी आलीस?"

टिवटिव थक्क. "तुला खरंच ऐकू येत नाही?"

"सगळा जीव डोळ्यांत गोळा झाला, की कानांच्या वाट्याला काय उरणार? पण नुसतं टक लावून नाही भागत हं. काहीतरी बारीक शोधावं लागतं."

दुसऱ्या दिवशी कान पुन्हा फितूर झाले. "चाळणी!" मान वळली, गोल! सरांनी दुसऱ्या मुलीला बूट बांधायला सांगितले. ते पाहून टिवटिवला काकूचं बोलणं आठवलं. काहीतरी बारीक... चेंडूवरची शिवण! तिने डोळे बारीक करून ती शोधायला घेतली. शिवण डावीकडे: झेप. शिवण उंच: ठोसा. मागे चाळणीपासून गळक्या बादलीपर्यंत सगळी भांडी ओरडून झाली, हिच्यापर्यंत एकही पोचलं नाही.

मग शिवण अगदी सावकाश, चालत चालत आली. टिवटिवने सर्वांगाने झडप घातली. चेंडू पोटाशी आलाच, सोबत दोन लांब पाय आणि एक टोपीही आली.

"अगं बये," खाली आडवे झालेले रेफरी कळवळले, "सामना संपलाय! मी चेंडू आत ठेवायला नेतोय!"

"जिंकलो?"

"दोन-एक!" सर धावत आले. "पुढच्या सामन्यातही गोलमध्ये तूच. फक्त शिट्टी वाजली की तुला हलवायला एक मुलगी ठेवतो."

रेफरी टोपी झटकत म्हणाले, "दोन ठेवा."