दाजींची दाजींविरुद्ध तक्रार

तक्रार रीतसर होती. तीन प्रती, खाली सही, आणि पुरावा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत आंब्याची एक वाळलेली बाठ. अर्जदार: डॉ. दाजी परुळेकर, अध्यक्ष, किनारपट्टी दंतवैद्य संघ. गैरअर्जदार: तेच.

अवनीने ती दोनदा वाचली. ती संघाच्या आचारसंहिता समितीची प्रमुख होती, कारण निवडीच्या सभेला ती उशिरा पोचली होती आणि जो हजर नसतो तो आमच्याकडे एकमताने निवडून येतो.

"दाजी, हे काय?"

"दिसता ता. सत्यवतीक कवळी बसवली, तर तिना हापूसची पेटी दिल्यान. मी घेतलंय. सातवो नियम वाच."

सातवा नियम म्हणत होता की सभासदाने रुग्णाकडून भेटवस्तू स्वीकारू नये.

"हा नियम पास कधी झाला?"

"तुझ्या समोर. तूच 'होय म्हाराजा' म्हटलंस."

यात तिची चूक एवढीच की ती कोकणात जन्मली होती. संघाची वार्षिक सभा देवाला गाऱ्हाणं घालून सुरू व्हायची, आणि गाऱ्हाणं दाजीच घालायचे, कारण गावच्या देवळातही तेच घालत. त्या दिवशी देवाला साकडं घालता घालता दाजींनी त्याच सुरात आचारसंहिता सुरू केली. "...आणि सभासदान रुग्णाकडसून भेटवस्तू घेव नये रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" बावीस नियम चार मिनिटांत मंजूर झाले. ऐकले कोणीच नाहीत. त्या सुरावर तोंड आपोआप उघडतं, आणि दंतवैद्यांचंही उघडलं.

"तू निकाल लिही, मी पद सोडतंय," दाजी म्हणाले. "अध्यक्षच नियम मोडूक लागलो तर दुसऱ्याक काय सांगतलो?"

अवनीने अर्ज पर्समध्ये ठेवला. दात काढायचा चिमटा कसा धरायचा हे तिला याच माणसाने शिकवलं होतं. शिवाय पत्नी कावेरीकाकू गेल्यापासून दाजी इस्त्रीचा शर्ट महिन्यातून एकदाच घालत, संघाच्या सभेला. पद गेलं की दाजी सभेला फिरकणार नाहीत, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

रविवारी निकालाच्या सभेसाठी मालवणच्या एका शाळेत चौदा दंतवैद्य मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले.

"आधी एक सांगते," अवनी उठली. "त्या पेटीतले दोन आंबे दाजींनी माझ्याकडे पाठवले होते. मी ते खाल्ले. म्हणून निकाल मी देऊ शकत नाही."

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "माझ्याकडे चार." मग रांगच लागली. एकाने तर आमरस झाल्याचंही कबूल केलं. पाच मिनिटांत संघात निष्पक्ष माणूस एकच उरला: उपाध्यक्ष निलेश. आठ वर्षं उपाध्यक्ष. अध्यक्षपदापासून एका पावलावर.

"माका एकय आंबो इलो नाय," निलेश म्हणाला, पण आवाज न्यायाधीशाचा नव्हता. "सगळ्यांका धाडल्यात. मीच परको."

"मेल्या, तुझी साखर तीनशे दहा!" दाजी कडाडले. "आंबो धाडून तुका मारू काय?"

सहकाऱ्याची तब्येत भर सभेत उघड करणं हा अकराव्या नियमाचा भंग होता. अवनीने तो टिपून ठेवला, वाचून दाखवला नाही.

निलेशने चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग तो कचेरीतल्या मराठीत बोलू लागला. "दोष सिद्ध. गैरअर्जदाराने तशीच पेटी स्वतः नेऊन सत्यवतीबाईंना द्यावी व कारण सांगावे. त्यांनी ती घेतली तर अध्यक्षपद राहील. नाही घेतली तर जाईल."

दाजींचा चेहरा उतरला. "सत्यवतीक सांगू? मी राजीनामो दितंय."

"फेटाळला."

दुसऱ्या दिवशी अवनीच्या स्कूटरवर पेटी मांडीत धरून दाजी सत्यवतीच्या घरापुढच्या खळ्यात उतरले. सत्यवतीने सातवा नियम शांतपणे ऐकून घेतला.

"म्हणजे माझे आंबे परत?"

"हां."

"बरा." ती आत गेली, बाहेर आली आणि दाजींच्या तळहातावर कवळी ठेवली. "मगे ही तुमची," ती बोळक्या तोंडाने म्हणाली.

बावीस नियमांत यावर काहीच नव्हतं. अवनीने कवळी घेतली आणि नळाखाली धुतली.

"काकी, कवळीचे पैसे तुम्ही दिलेत, ती तुमचीच. आंबे तेवढे वरचे होते. पेटी नाही घेतलीत तर दाजींचं अध्यक्षपद जाईल."

"जाईना का. तेका काय होतला?"

"इस्त्रीचा शर्ट घालून जायला जागा उरणार नाही."

सत्यवतीने दाजींच्या चुरगळलेल्या शर्टाकडे पाहिलं. मग कवळी बसवली. "ठेवा थंय पेटी."

आणि त्याच पेटीतला आंबा कापून तिने दोन बशा पुढे केल्या. दाजींनी हात पाठीमागे लपवले.

"घराक इलेल्या माणसाक उपाशी धाडूचो, असो नियम आसा काय तुमचो?"

तसा नियम नव्हता. दोघांनी खाल्लं.

पुढच्या सभेत अवनीने दुरुस्ती मांडली, एस.टी.चं वेळापत्रक वाचावं तशा सपाट आवाजात: रुग्णाच्या घरी बसून खाल्लेली फोड भेटवस्तू धरू नये; पेटी धरावी.

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"हात वर करा," अवनी म्हणाली आणि नियम पुन्हा वाचला. तेरा हात वर गेले. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले अध्यक्ष मात्र हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले.

"दाजी?"

"माझो हितसंबंध आसा."

अवनीला सत्यवतीची दुसरी बशी आठवली आणि तिने आपलाही हात खाली घेतला.