हवेचा खांब

"या बैठकांवर खुशाल बसा," ऋषी म्हणाला. "पूर्वी बसणारा खालून भिजायचा. आता फार तर धूळ लागेल."

वीस-पंचवीस माणसं हसली आणि लांबलचक दगडी मेजाभोवती एकेका बैठकीवर दोघं-दोघं अशी दाटीवाटीने टेकली. विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्यापासून जरा आत, कुणा लहानशा संस्थानिकाने हा उन्हाळी महाल बांधला होता. पाहुण्यांची फजिती करायची त्याला भारी हौस. मोराच्या चोचीतून, पायऱ्यांच्या फटींतून, जेवायला बसलेल्यांच्या बुडाखालून अचानक पाणी उडायचं. तेही पंपाशिवाय, मागच्या टेकडीवरच्या हौदातून नुसत्या उताराने. महालाच्या दुरुस्तीचं काम ऋषीकडे होतं आणि रविवारी लोकांना बागही तोच दाखवायचा.

"उद्यापासून फरशी फोडायला घेतोय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज उतरला. "नळ चोंदलाय, असा तज्ज्ञांचा अहवाल आहे. आता प्लॅस्टिकचे पाइप, विजेचा पंप आणि रंगीत दिवे."

शालू भाडळे बसली नव्हती. मेजाखाली वाकून तिने दगडातल्या तोटीला कान लावला होता.

"आई, उठ ना," निशा दबक्या आवाजात म्हणाली. "लोक बघतायत. आज सुट्टी आहे तुझी."

निशा खराडीत नोकरीला होती. आईने दुकान बंद करावं, हे आज निवांत बोलायचं म्हणूनच तिने हा बेत केला होता. शालूचा नवरा बजरंग वारला तेव्हा निशा चार वर्षांची होती. हडपसरच्या त्यांच्या पंपदुरुस्तीच्या दुकानातून लोक आपापल्या बिघडलेल्या पाण्याच्या मोटारी परत न्यायला आले, तेव्हा शालूने त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले. नवऱ्याशेजारी बसून जे पाहिलं होतं ते आठवत तिने सगळ्या मोटारी चालू करून दिल्या. त्याला चोवीस वर्षं झाली. आधी विहिरी, मग बोअर, आता सोसायट्यांच्या टाक्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिचे गुडघे कुरकुरत होते, पण दुकानाचं शटर रोज नऊला वर जात होतं.

"चोंदलेला न्हाय," शालू उठत म्हणाली.

ऋषी वळला. "काय म्हणालात?"

"चोंदलेला नळ मुका असतो. ह्यो आतल्या आत गुडगुडतोय. हवा धरलीय त्यानं. हौदात पाणी हाय का?"

"काठोकाठ. पण इथे थेंब नाही."

"कधीपास्नं?"

"माळी सांगतो, गेल्या वर्षापर्यंत मोर थोडा थोडा ठिबकायचा. तेव्हा हौद गळका होता, निम्माच भरायचा."

शालू टेकडीच्या बाजूने चालू लागली, जमिनीचा चढउतार बघत, मधेच थांबून पायाने माती दाबत. ऋषी मागे, त्याच्यामागे बराचसा घोळका. निशा सर्वांत शेवटी, चेहरा लाल करून.

अर्ध्या वाटेवर जमिनीला उंचवटा होता आणि तिथे घडीव दगडांचा एक खांब उभा होता, दीड पुरुष उंच. माथा नव्या सिमेंटने गुळगुळीत केलेला, वर मोगऱ्याची कुंडी.

"ह्यो कसला खांब?"

"शोभेचा. वरून फुटला होता, म्हणून गेल्या वर्षी..." ऋषी बोलता बोलता थांबला. त्याने खांबाकडे पाहिलं, मग खाली मोराकडे. "अरे देवा. कात्रजच्या जुन्या नळाला असेच उच्छ्वास आहेत. हवा बाहेर जायला!"

"नाव मला ठाऊक न्हाय. पण नाक दाबल्यावर कोण बोलंल? ते सिमेंट काढा."

"कुणी काढायचं नाही." महालाच्या ट्रस्टच्या अध्यक्ष उल्काताई काठी टेकत आल्या होत्या. "बाई, ही वास्तू सव्वाशे वर्षं उभी आहे. आपण सकाळी दहाला आलात. आपण कोण, इंजिनिअर?"

शालूची बोटं पदरात गेली. नखांतलं काळं ऑइल कितीही घासलं तरी जात नसे.

"पंप मेकॅनिक," निशा म्हणाली. घोळक्यातून वाट काढत ती पुढे आली होती. "माझी आई पंप मेकॅनिक आहे. अर्ध्या हडपसरला पाणी हिच्यामुळे येतं. उद्या तुम्ही अख्खी फरशी फोडणार आहात ना, मॅडम? मग आज बोटाएवढं भोक पडू दे."

उल्काताईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "बोटाएवढंच," त्या म्हणाल्या. "आणि कुंडी फुटता कामा नये."

माळ्याने शिडी आणली. ऋषी चढायला निघाला, पण शालूने त्याच्या हातातली छिन्नी काढून घेतली. "किती जोर लावायचा ते हाताला कळतं," ती म्हणाली. निशाने शिडी घट्ट धरली. प्रत्येक पायरीवर आईच्या गुडघ्याचा आवाज तिला ऐकू येत होता.

शालूने कुंडी खाली दिली. पहिल्या चार घावांनी नुसता भुगा पडला. पाचव्याला छिन्नी आत गेली आणि खांबाने भस्सकन श्वास सोडला. ओल्या मातीचा, कोंदट, वर्षभर अडकलेला वास आला. हवा येतच राहिली. मग जमिनीखालून काहीतरी धडधडत बागेकडे निघालं.

"उठा!" ऋषी खाली बघत ओरडला. "मेजावरचे सगळे उठा!"

उशीर झाला होता. मागे राहिलेली सात-आठ मंडळी बसल्या जागी किंचाळत उडाली. मोराने आधी गंजका लाल चिखल ओकला, मग दोन पुरुष उंच स्वच्छ धार सोडली. पायऱ्यांतून, कमानीतून, जिथे भोक आहे हे ऋषीलाही ठाऊक नव्हतं तिथून, पाणी उसळलं. एक आजोबा चष्मा हातात धरून मुद्दाम धारेत उभे राहिले. शिडीवरून शालूला सगळी बाग दिसत होती, आणि ती मोठ्याने हसत होती. आईला असं हसताना निशाने कधी पाहिलं नव्हतं.

बागेत उतरेपर्यंत उल्काताईंच्या साडीच्या निऱ्या ठिबकू लागल्या. "ऋषी, उद्याच्या लोकांना फोन करून सांग," त्या म्हणाल्या, "येऊ नका." मग शालूकडे वळल्या. "पाणी आलंय, असं म्हणायला हरकत नाही."

सगळे मेजापाशी आले तेव्हा ऋषी बैठका मोजत होता. अकरा बैठकांतून कारंजी उडत होती. मेजाच्या टोकाची बारावी मात्र कोरडी ठक्क होती. त्याने वाकून हात फिरवला. दगडाला भोकच नव्हतं.

"यजमानाची जागा," तो म्हणाला. "काकू, या. बसा."

"मी? नको बाई. कपडे मळलेत."

"बसा," उल्काताई म्हणाल्या.

शालू बसली. दोन्ही बाजूंनी पाण्याच्या धारा उठत होत्या. हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना, शेवटी तिने ते पुढ्यातल्या दगडी मेजावर ठेवले, नखं न लपवता. पाण्यापलीकडून निशा काहीतरी ओरडून सांगत होती. पाण्याच्या आवाजात शालूला ते ऐकू येत नव्हतं, तरी ती मान डोलवत राहिली.