उशीवरचा मुंगळा

मित्रांनो, मी भरतकामाची एक जुनी लाकडी रिंग आहे. माझ्या आयुष्यातला मोठा दिवस दोन हजार तेवीस सालचा. पण थोडं आधीपासून सांगते.

बाभुळगावच्या जोहराबींनी मला लग्नात माहेरून आणलं. माझ्या कड्यांत कापड ताणून त्यांनी गुलाब भरले, मोर भरले. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि मी पेटीत पडले. वाटलं, संपलं आपलं. पण एका दुपारी त्यांच्या मुलानं, जफरनं, मला बाहेर काढलं. तो स्कूटर दुरुस्त करायचा. माझा पेच मोडला होता, तिथं त्यानं स्कूटरचा बोल्ट बसवला. मग गॅरेजमागच्या खोलीत पडदा ओढून, आईला विचारत विचारत टाके घालू लागला.

नवऱ्या मुलींच्या उशांचे अभ्रे तो भरी. नाव मात्र आईचं होई. "लोक हसतील, अम्मी," एवढंच म्हणे. रॉकेलनं हात धुतले तरी ऑइलचं बोट कुठंतरी उमटेच. मग त्या डागावर तो काळ्या दोऱ्यानं मुंगळा भरी.

मग तेवीस साली यवतमाळला अर्पिता नावाच्या शिक्षिकेनं चाकोरीबाहेरच्या कामांचं प्रदर्शन मांडलं. बाईनं वेल्डिंग केलेलं फाटक, पुरुषानं विणलेला स्वेटर. शेजारी, फरक कळावा म्हणून, जोहराबींकडून मागून आणलेला आमचा एक अभ्रा आणि मी. खाली चिठ्ठी : 'बायकांचं काम. जोहराबी.'

मायलेक एसटीनं आले. सोबत शेजारचे चहावाले बबनरावही होते. एक मुलगी जोहराबींच्या पाया पडली. "आजी, काय हात आहे तुमचा!"

तेवढ्यात बबनराव वाकून म्हणाले, "फुलं झकास. पण या उशीवरही हा मुंगळा काहून?"

जफरचा चेहरा उतरला. त्यानं आईची बाही ओढली. आईनं ती सोडवून घेतली.

"मुंगळा नाही, बबनभाऊ. माह्या पोराच्या बोटाचा डाग हाय. दहा वर्षं झाली, मले सुईचं नाक दिसत नाही. हे सारं जफरनं भरलं."

सगळे अभ्र्यावर वाकले. माझ्या कड्या जणू आणखीच आवळल्या.

"म्हणजे," बबनराव म्हणाले, "माह्या सुनेच्या अभ्र्यावरचा मुंगळाही याचाच? माही बायको रोज सकाळी झटकून राह्यली ना त्याले! लेका जफर, आता माह्या उशीवर एक काढ. चांगला मोठा!"

हशा पिकला. जफरही हसला, आणि इतकी वर्षं कोंडलेला श्वास सुटला. अर्पितानं ओशाळून चिठ्ठी बदलली : 'शिकवलं जोहराबींनी, भरलं जफरनं.'

पुढे जोहराबींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्या लेकाच्या टाक्यांतल्या चुका काढतात. बबनरावांची बायको अजूनही मुंगळा झटकते. अर्पिता रविवारी जफरकडे शिकायला येते. गॅरेजमागचा पडदा निघाला, आणि मी पान्यांशेजारच्या खिळ्यावर टांगलेली असते.

मित्रांनो, एकच मागते. काम झालं की रिंगेचा पेच सैल करून ठेवा. फार दिवस आवळून ठेवलं, की कापडावर वळ उठतो.