पट्टीखालचे काम

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुमच्या बाबांच्या टाचेवर बिस्किटाएवढी जखम आहे. चार महिने झाले, भरत नाही. आणि सर्जन म्हणताहेत, "शुक्रवारपर्यंत फरक दिसला नाही, तर पाय काढावा लागेल."

एका मुलीने हे स्वतःच्या कानांनी ऐकले होते. तिचे बाबा बस चालवायचे.

शुक्रवारी पट्टीमावशींनी जखमेची पट्टी सोडायला घेतली आणि त्या थबकल्या. रुग्णालयातल्या एका चिंचोळ्या खोलीत त्या एकोणीस वर्षे लोकांच्या जखमा बांधत होत्या.

"ही गाठ माझ्या हातची नाही. कोणी सोडली होती?"

बाबा छताकडे पाहू लागले.

"मी," मुलगी पुटपुटली. "रोज आम्ही पाय पंख्याखाली धरायचो. माझा गुडघा असाच वाळून बरा झाला होता."

"अरे वा, डॉक्टरीणबाई! फी किती घेता?"

मुलीचे डोळे भरून आले. मावशींनी तिला जवळ बसवले.

"बाबांचं रक्त मी यंत्रात गरगर फिरवलं, वर पिवळा थर आला, तो जखमेवर लावला. त्यातल्या बारीक कणांतून प्रथिनं सुटतात. ती काठावरच्या त्वचेच्या पेशींना उठवतात. एकीच्या दोन व्हा, पुढे सरका! पण पेशी ओलाव्यातच सरकतात गं. वाळलं की मरतात."

"म्हणजे मी मारल्या?"

"थोड्या. पण हे बघ." भिंगाखाली काठाला एक नाजूक गुलाबी रेघ दिसत होती. "ह्या तुला पुरून उरल्या."

तेवढ्यात सर्जन आले. "मावशी, फरक का नाही?"

मावशी नवी पट्टी कापू लागल्या.

"माझ्यामुळे," मुलगी उभी राहून म्हणाली. "मी पट्टी सोडत होते. आता नाही सोडणार."

"अजून दोन आठवडे द्या, साहेब," मावशी म्हणाल्या. "माझ्या जबाबदारीवर."

सर्जननी भिंगातून बराच वेळ पाहिले. "तुम्ही म्हणताय, तर दिले."

दोन आठवड्यांत काठ आत सरकला, म्हणून आणखी दोन मिळाले, मग आणखी. शेवटच्या दिवशी टाचेवर नवी, पातळ, चकाकती त्वचा होती. बाबांनी त्या टाचेवर जपून भार दिला आणि ताठ उभे राहिले. सर्जननी मावशींना नमस्कार केला. मावशी फक्त "हं" म्हणाल्या. पण त्या दिवशी हात धुताना त्या गुणगुणत होत्या.

मुलगी बाहेर आली. बाकावर एक आजोबा हातावरची पट्टी उकलत होते. "जरा हवा लागू दे," ते म्हणत होते.

ती शेजारी बसली, त्यांचा पट्टी उकलणारा हात स्वतःच्या हातात घट्ट धरला आणि विचारले, "आजोबा, तुम्ही कुठल्या बसने आलात?"