गरम लोखंड

तोफगोळ्यांच्या चाचणी-मैदानावर सगळे त्याला शेगडीमास्तर म्हणत. हजेरीपटावर त्याचा हुद्दा ‘लक्ष्य सहायक’ असा भारदस्त होता, पण काम शेगड्या पेटवायचंच. भंगारात निघालेले, इंजिन काढून घेतलेले सात रणगाडे मैदानात उभे होते. चाचणीच्या दिवशी सकाळी हा त्यांच्या रिकाम्या पोटात, जिथं कधीकाळी इंजिन होतं तिथं, चार लोखंडी शेगड्या मांडायचा, कोळसा फुलवायचा आणि वरचं पोलाद हवं तेवढं तापलं की टेलिफोनवरून कळवायचा. थर्मामीटर दिलेला होता, पण मास्तरचा तळहात त्याहून खरा, हे इंजिनिअरबाईही कबूल करत. घरी गॅस पेटवायचा म्हटलं तरी बायकोला हाक मारणारा माणूस, पण कोळसा फुलवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

तापवायचं कारण गोळ्यात होतं. तोफेतून सुटलेला तो गोळा रणगाड्यांच्या डोक्यावर आला की उघडायचा आणि आतून दोन डबे बाहेर पडायचे. एकेक डबा छोट्या छत्रीला लटकून, गोल गोल फिरत, खालची जमीन चाचपत उतरायचा. गार जमिनीवर गरम लोखंड दिसलं की वरूनच फुटायचा, आणि त्याच्या तळाची तांब्याची थाळी स्फोटानं मिटून मुठीएवढी गोळी होऊन रणगाड्याच्या छतातून आरपार जायची. रणगाड्याला पुढून हातभर जाड पोलाद असतं, छत मात्र पातळ. काहीच सापडलं नाही तर डबा हवेतच स्वतःला संपवायचा. पेटल्या शेगड्या मागे सोडून मास्तर बंकरमध्ये येऊन बसायचा आणि आपण तापवलेल्या गाडीला भोक पडताना बघायचा. इतकी वर्षं त्याला त्यात काही वाटलं नव्हतं.

लढाईचा दुसरा हिवाळा लागला आणि वाटायला लागलं. त्याचा धाकटा भाऊ आघाडीवर रणगाडा चालवत होता, आणि असले गोळे समोरच्यांकडेही होते.

धाकटा दर रविवारी मागच्या तळावर येऊन फोन करायचा. आधी आईशी बोलायचा, मग वहिनीची थट्टा, मग दादा. एका रविवारी थट्टा झालीच नाही.

“दादा, शेजारच्या दोन गाड्या गेल्या रे. आवाजसुद्धा आला नाही आधी. तू तर रोज तेच बघतोस. वाचायचं कसं, सांग ना.”

कामातलं अक्षरही फाटकाबाहेर न्यायचं नाही, असा नियम होता, त्याखाली मास्तरची सही होती. नियम गेला खड्ड्यात, असं तो मनात म्हणाला.

“तिथं मोडकी गाडी असेल ना एखादी पडलेली?”

“एक काय, रांग आहे.”

“तिच्यात शेगडी पेटव. इंजिनच्या जागी, तीन-चार. आपली गाडी लांब लाव, गार कर. डब्याला काय, गरम लोखंड पाहिजे. त्याला द्या ते.”

पुढच्या रविवारी धाकटा फोनवर ओरडतच होता. “दादा, तुझ्या शेगडीनं दोन डबे गिळले! साहेब म्हणाले, तुझ्या भावाला इथं आणून हार घाला.” मास्तरचा जीव भांड्यात पडला. ही गोष्ट त्यानं बायकोला तीनदा सांगितली, आणि तिसऱ्यांदा ऐकताना तिनं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा चेहरा केला.

महिनाभरानं इंजिनिअरबाई स्वतः मैदानात आल्या.

“मास्तर, आज दोन गाड्या. एकीत तुमच्या शेगड्या. दुसरी चालती आणलीय, तिचं इंजिन सुरू ठेवायचं.”

“दोन कशाला?”

“समोरचे फसवायला लागलेत. मोडक्या गाड्यांत कोळसा पेटवतात. आपले निम्मे गोळे राखेत गेले. नवा डबा नक्कल ओळखतो का, ते बघायचंय.”

मास्तरच्या मनात आलं, चोराच्या वाटा चोराला ठाऊक, तिकडेही कुणीतरी शेगडीमास्तर असणारच. त्यानं शेगड्या नेहमीपेक्षा मन लावून पेटवल्या, निखारे सारखे पसरले, पोलादावर दोनदा हात ठेवून पाहिला. मग बंकरमध्ये आला. गोळा आला, दोन छत्र्या उघडल्या. पहिला डबा शेगडीच्या गाडीवरून फिरला आणि तिला ओलांडून गेला. क्षणभरानं चालत्या गाडीच्या छतातून धूर निघाला. बंकरमध्ये टाळ्या वाजल्या.

“शेगडीनं एकच ठिपका तापतो,” बाईंनी आनंदानं समजावलं. “खऱ्या गाडीत धुराचा पाइप तापतो, चाकं तापतात. आता डब्याला फरक कळतो.”

“समोरच्यांनाही जमेल का हे?”

“आज ना उद्या. तेही काही झोपलेले नाहीत.”

मास्तरची पाचावर धारण बसली. रविवारला पाच दिवस होते. इकडून फोन लावायची सोय नव्हती. पत्र लिहावं तर वाटेत उघडून वाचत. पाच दिवस तो अर्ध्या ताटावरून उठत राहिला. आईनं विचारलं, तर पोट बिघडलंय म्हणाला. रविवारी तो सकाळपासून फोनला चिकटून बसला आणि घंटा वाजताच, आईच्या आधी, त्यानं उचलला.

“शेगडी बंद कर,” तो म्हणाला. “ऐकतोयस ना? शेगडीनं आता काही होणार नाही, उलट तुम्ही आसपास आहात हे कळेल. काही पेटवायचं नाही. इंजिन नाही, स्टोव्ह नाही. गाडी दगडासारखी गार पाहिजे.”

“अरे, इथं थुंकी जमिनीवर पडायच्या आधी गोठते. चार दिवस झाडीत दबा धरून बसायचंय, बाहेर पडायची सोय नाही.”

“मग कुडकुडा. थंडीनं माणूस मरत नाही. दहा मिनिटं इंजिन चालवलंस तर पोलाद दोन-दोन तास गरम राहतं, मी हातानं बघितलंय. एकदासुद्धा चालवायचं नाही. शपथ घे.”

“घेतली बाबा. तुझी शपथ. आईला दे आता.”

त्यानंतरचे दोन रविवार फोन आला नाही.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, दारात एक तरुण उभा राहिला. दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले. धाकट्याच्या गाडीवरचा तोफ चालवणारा. मास्तरच्या बायकोनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि त्याला पेला धरता येत नाही हे लक्षात आल्यावर स्वतः त्याच्या ओठांना लावला. धाकटा गेल्याची तार आदल्याच दिवशी येऊन पडली होती. तारेत कारण नव्हतं.

आईनं सगळ्यांत आधी तेच विचारलं, जे तिच्या मनात वर्षभर जळत होतं. “भाजला नाही ना रे माझा मुलगा?”

“नाही, आई. अंगावर डागसुद्धा नव्हता.”

आईनं डोळे मिटून हात जोडले. तो मास्तरकडे वळला. मोठ्या मायेनं बोलत होता बिचारा.

“दादा, तुम्ही सांगितलं ते शब्दन् शब्द खरं निघालं. तिसऱ्या दिवशी दोन डबे बरोबर आमच्या डोक्यावर आले. फिरले, फिरले, आणि वरच फुटले. त्यांना आम्ही दिसलोच नाही. गाडीला ओरखडा नाही. आता दुसरी तुकडी चालवतेय ती.”

“मग गेला कशानं?” आईनं विचारलं.

तोफवाल्यानं मान खाली घातली. “थंडीनं, आई. तो आणि आमचे साहेब. शेवटच्या रात्री आम्ही हातापाया पडलो त्याच्या, दहाच मिनिटं इंजिन लाव म्हणून. साहेबांनी हुकूमसुद्धा केला. चावी काढून मुठीत घेऊन बसला. म्हणाला, दादाची शपथ घेतलीय. सकाळी मूठ उघडत नव्हती.”

आईनं सावकाश थोरल्याकडे पाहिलं. तिला अजून कळलं नव्हतं. कसली शपथ, कुणी घातली, एवढंच ती नजरेनं विचारत होती.

“मीच घातली होती, आई,” तो म्हणाला.